घरचा स्टोरेज सर्व्हर: डिस्क सांभाळायच्या कशा, आणि बिघडल्यावर हात कुठे लावायचा

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये, रात्री साडेअकराला सर्व्हरचा मेल आला: एका डिस्कवर वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे तुकडे, सापडलेत. नवी डिस्क कपाटात तयारच होती. मी कॅबिनेट उघडलं, ‘वरून तिसरी’ असं पुटपुटत तिसरी डिस्क काढली, नवी बसवली आणि मशीन चालू केलं. आता एकाऐवजी दोन डिस्कची बोंब. काढलेली डिस्क ठणठणीत होती. आजारी होती ती सगळ्यात खालची. चारही एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, आणि मेलमधलं ‘एसडीसी’ हे नाव म्हणजे तिसरी असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

डेटा गेला नाही, पण त्यात माझी काही हुशारी नव्हती. माझ्या सर्व्हरवर प्रत्येक डिस्क स्वतंत्र आहे, तिच्यावरच्या फायली तिच्यापाशीच असतात, म्हणून काढलेली परत लावली आणि ती मुकाट चालू झाली. हाच गोंधळ ‘रेड ५’वर, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून एकच साठा बनवणाऱ्या आणि एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या मांडणीवर घातला असता, तर एका आजारी आणि एका गायब डिस्कमुळे अख्खा अॅरे, म्हणजे डिस्कचा गट, बंद पडला असता. तेव्हापासून एकच क्रम पाळतो: आधी ओळख पटवायची, मग वाचायचं, मग जमेल तेवढं कॉपी करायचं, आणि स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

माझी मांडणी आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम. सिस्टिमसाठी १२० जीबीची एसएसडी. डेटासाठी ४ टीबीच्या तीन डिस्क आणि पॅरिटीसाठी, म्हणजे बाकीच्यांवरून काढलेल्या हिशेबासाठी, ४ टीबीची चौथी. वर डेबियन हे लिनक्स आणि त्यावर ओपनमीडियावॉल्ट, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं पॅनेल. तीन डिस्क एकत्र एकाच फोल्डरसारख्या दिसाव्यात म्हणून मर्जरएफएस, आणि एखादी गेली तर तिच्यावरचं पुन्हा बांधता यावं म्हणून स्नॅपरेड. प्लगमध्ये मीटर लावून मोजलं तर डिस्क फिरत असताना ४५ वॉटच्या आसपास, म्हणजे चोवीस तास चालू ठेवल्यास महिन्याला साधारण ३२ युनिट. कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची.

पहिलं काम: प्रत्येक डिस्कला ओळखपत्र

लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी अक्षरं देतं. ही अक्षरं डिस्कची नावं नव्हेत, हजेरीचा क्रम आहे. एखादी डिस्क उशिरा जागी झाली, यूएसबीवर काही लावलेलं राहिलं, केबल दुसऱ्या पोर्टात गेली, की पुढच्या बूटला क्रम बदलतो. डिस्कसोबत जन्मभर राहतो तो सीरियल नंबर.

‘एलएसबीएलके’ ही कमांड नाव, आकार, मॉडेल आणि सीरियल असे चार रकाने मागून चालवा. ओपनमीडियावॉल्टमध्ये ‘स्टोरेज’खाली ‘डिस्क्स’ उघडलंत तरी तेच दिसतं. मग मशीन बंद करा, एकेक डिस्क बाहेर काढा, स्टिकरवरचा सीरियल पाहा आणि त्याची शेवटची चार अक्षरं रंगाऱ्याच्या कागदी टेपवर ठळक लिहून डिस्कच्या समोरून दिसणाऱ्या कडेला चिकटवा. कॅबिनेट न हलवता, टॉर्च मारून वाचता आलं पाहिजे. मी सॅटा केबलच्या दोन्ही टोकांनाही तेवढाच तुकडा लावतो. कारण चार काळ्या केबल मदरबोर्डकडे जाताना एकमेकींत अशा गुंततात की कोणती कुणाची हे सांगणं अवघड.

सोबत एक वही ठेवा. फोनवरची नोंद चालेल, पण सर्व्हरवरची फाइल नको. सर्व्हर बंद असतानाच ती लागणार असते, हे मला उशिरा सुचलं. एका डिस्कला एक ओळ पुरते: सीरियलची शेवटची चार अक्षरं, कुठला कप्पा, मदरबोर्डवरचा कुठला पोर्ट, स्नॅपरेडमधलं नाव, खरेदीची तारीख, वॉरंटी कधी संपते. बिलाचा फोटो वेगळा. साध्या दुकानातल्या बिलाची शाई वर्षभरात उडते.

डिस्क हाताने माउंट करत, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडत असाल, तर कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलीत एसडीबी वगैरे कधीच लिहू नका, यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा. ओपनमीडियावॉल्ट ते स्वतःच करतं.

नवी डिस्क आली की

आधी एक शंका काढून टाकतो, कारण ती मला घरातल्या प्रत्येकाने विचारली आहे. ४ टीबीची डिस्क ३.६४ दिसते, यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या.

फसवणूक होते ती वेगळीकडे. नवी म्हणून विकलेली डिस्क जुनी निघू शकते. पाकीट फोडल्यावर पहिलं काम म्हणजे स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या) यादीत ९ नंबर, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली ते पाहणं. नव्या डिस्कवर तिथे शून्य किंवा एक-दोन तास असावेत. पण हा आकडा पुसता येतो. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत सीगेट कंपनीच्या एक्सॉस मालिकेतल्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा स्मार्टचे तास शून्यावर आणलेले होते. त्यांचं पितळ उघडं पडलं ते ‘फार्म’ नावाच्या दुसऱ्या, सीगेटच्या स्वतःच्या नोंदवहीमुळे. स्मार्ट वाचणाऱ्या स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामच्या ७.४ आवृत्तीपासून ही नोंद त्याच्या ‘स्मार्टसीटीएल’ कमांडने वाचता येते. सीगेटची डिस्क घेतली असेल तर दोन्हीकडचे तास जुळतात का बघा. न जुळले तर सामान परत करण्याची मुदत संपायच्या आत बोला.

दुसरी पारख एसएमआर आणि सीएमआर यांची. एसएमआर डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, सीएमआरवर सुटे. जागा जास्त मिळते, पण मधलं काही बदलायचं तर शेजारचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. फोटो एकदा टाकून ठेवायला अशी डिस्क चालते. सलग काही तास लिहायला लावलं की मात्र ती बसकण मारते. एप्रिल २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) ‘रेड’, म्हणजे लाल, या खास नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या स्टोरेज सर्व्हरसाठीच्या) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं बाहेर आलं, तेही लोकांचे झेडएफएस या फाइलसिस्टिमवरचे अॅरे पुन्हा बांधताना डिस्क बाहेर फेकल्या जाऊ लागल्या म्हणून. नंतर कंपनीने सीएमआरवाल्यांना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. म्हणून खोक्यावरच्या रंगाला भुलू नका, पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या माहितीपत्रकात तपासा. पॅरिटीसाठी तर एसएमआर घेऊच नका.

मग तालीम. आधी स्मार्टची लांब चाचणी. ४ टीबीला आठेक तास लागतात. त्यानंतर ‘बॅडब्लॉक्स’ लिहिण्याच्या पद्धतीने चालवायचं. ते अख्ख्या डिस्कवर चार वेगवेगळे नमुने लिहितं आणि प्रत्येक परत वाचतं, म्हणजे पूर्ण डिस्कवरून आठ फेऱ्या. ४ टीबीला जवळजवळ तीन दिवस जातात. हे डिस्कवरचं सगळं पुसतं, म्हणून सीरियल पुन्हा एकदा जुळवा आणि मगच एंटर मारा. तीन दिवस थांबायचं जिवावर येत असेल तर एकच नमुना वापरा. घरगुती कामाला मला तेवढं पुरेसं वाटतं. पॅरिटीच्या डिस्कला मी लांब चाचणीवरच सोडतो, पहिल्या सिंकला, म्हणजे पॅरिटीचा हिशेब तिच्यावर लिहिताना, तिची तालीम आपोआप होते.

स्मार्टचे आकडे वाचायचे कसे

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अर्ध्या चुका इथेच होतात.

स्मार्टच्या अहवालात वर ठळक लिहिलेलं असतं: ‘पास्ड’. त्यावर विसंबू नका. मरायला टेकलेल्या डिस्कही पास झालेल्या मी पाहिल्या आहेत. खाली यादी असते, तिच्यातल्या शेवटच्या रकान्यातले कच्चे आकडे बघायचे, आणि तेही ठरावीक ओळींचे.

५ नंबर, रीअॅलोकेटेड सेक्टर. डिस्कपाशी थोडे राखीव सेक्टर असतात. एखादा सेक्टर कायमचा खराब झाला की डिस्क त्याला वाळीत टाकते आणि राखीवातला एक त्याच्या जागी लावते. आकडा ८ वर येऊन दोन वर्षं तिथेच असेल तर मी झोप उडवून घेत नाही. ८ चे २४ आणि महिन्यात ११२ झाले, तर नवी डिस्क मागवायची वेळ झाली.

१९७ नंबर, पेंडिंग सेक्टर. हे वाचता येत नाहीत, पण डिस्कने अजून निकाल दिलेला नाही. त्यावर पुन्हा लिहिलं की दोनपैकी एक होतं: लिहिणं जमलं तर सेक्टर सुटतो आणि आकडा कमी होतो, नाही जमलं तर तो ५ नंबरात जमा होतो. वीज मध्येच गेल्यावर एखाद-दुसरा पेंडिंग सेक्टर दिसतो आणि पुढे नाहीसाही होतो. मात्र त्या सेक्टरमध्ये जे होतं ते सध्या तुमच्या हाताबाहेर आहे, म्हणून १९७ शून्याहून जास्त दिसला की त्या दिवशी बाकीची कामं बाजूला.

१८७ आणि १९८, दुरुस्त न झालेल्या चुका. वाढत असतील तर ५ इतक्याच गांभीर्याने घ्या.

१९९ नंबर, सीआरसी चुका. डिस्क बदलायला निघालेल्या माणसाला थांबवणारा हा आकडा. याचा अर्थ डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या वाटेवर डेटा बिघडतोय. दहातल्या नऊ वेळा केबल सैल किंवा खराब असते. केबल बदला आणि आकडा वहीत लिहा, कारण तो शून्यावर कधीच येत नाही. पुढच्या आठवड्यात तेवढाच असेल तर काम झालं.

१९४ म्हणजे तापमान. ३५ ते ४५ अंशांत ठेवायचा माझा प्रयत्न असतो; पन्नाशी गाठली की पंखा बघतो. माझा सर्व्हर आधी माळ्यावर होता. एप्रिलच्या दुपारी तिथे डिस्क ५३ वर जायच्या. खाली हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटामागे आणला, समोर १२० मिलिमीटरचा पंखा लावला आणि त्याच महिन्यात ४१ वर आल्या.

सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ नंबरांसमोर कोट्यवधींचे आकडे दिसतात. घाबरू नका. त्या एकाच आकड्यात एकूण वाचनं आणि चुका दोन्ही कोंबलेल्या असतात, त्यामुळे निरोगी डिस्कवरही तो अवाढव्यच दिसतो.

आणि स्मार्ट स्वच्छ असला तरी निर्धास्त होऊ नका. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात, तपासणीत पहिली चूक दिसल्यानंतर साठ दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पट वाढलेली आढळली. पण त्याच अभ्यासात, बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवलेली नव्हती. म्हणजे इशारा आला तर तो खरा धरायचा. न आला म्हणून सगळं आलबेल धरायचं नाही.

वेळापत्रक

छोटी स्मार्ट चाचणी दर आठवड्याला, लांब महिन्यातून एकदा, चार डिस्कना चार वेगवेगळ्या रात्री. स्नॅपरेडचा सिंक रोज पहाटे, स्क्रब, म्हणजे लिहिलेलं बिघडलं नाही ना याची तपासणी, दर रविवारी. स्क्रबला काही न सांगता सोडलं तर तो एका वेळी अॅरेचा सुमारे ८ टक्के भाग तपासतो आणि गेल्या दहा दिवसांत तपासलेलं वगळतो. घरच्या सर्व्हरला हे बेतशीर आहे. मेलची सूचना चालू करा आणि ती खरंच येते का ते ‘टेस्ट’चं बटण दाबून बघा. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, अॅप पासवर्ड बनवावा लागतो.

यूपीएस घ्या. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून टाळू नका. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असं बटण असतं. ते इकोवर असेल तर वीज जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात पंखा फिरत राहतो, पण संगणक बंद पडतो. छोटा यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडून ‘नट’ हा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम बसवला, की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो.

बिघाड झाला, आता काय

पहिल्या पाच मिनिटांत दोनच गोष्टी. रोजचा सिंक थांबवा. आणि बाकीच्या डिस्कवर काहीही खोडू किंवा हलवू नका. स्नॅपरेड गेलेल्या डिस्कवरचं पुन्हा बांधतं ते उरलेल्या डिस्क आणि पॅरिटी मिळून; शेवटच्या सिंकनंतर उरलेल्यांवरचं काही खोडलंत, तर तेवढा हिशेब चुकतो. चुकून सिंक चाललाच आणि एका डिस्कवरच्या सगळ्याच फायली गायब दिसल्या, तर स्नॅपरेड अडून बसतं आणि जबरदस्तीचा पर्याय सुचवतं. तो पर्याय कुठलातरी सल्ला वाचून वापरू नका. ते अडून बसणं तुमच्या भल्याचं आहे.

डिस्क दिसतच नाही. गेल्या वर्षी कोल्हापूरहून मेव्हण्याचा फोन. त्याचा लग्नाच्या फोटोंचा व्यवसाय आहे, सर्व्हर मीच लावून दिलेला.

“दाजी, एक डिस्क गेली बघा. नवीन मागवू का?”

“थांब जरा. बायोसमध्ये दिसते का?”

“नाही तिथं पण.”

“मशीन चालू करताना तिच्यावर हात ठेव. थरथरते का?”

“नाही ओ. गार पडलीय.”

फिरतच नाही म्हणजे आधी वीज बघायची. वीजपुरवठ्याच्या डब्याला सॅटाची टोकं कमी होती म्हणून त्याने बाजारातून मोलेक्स ते सॅटा (जुन्या पद्धतीच्या वीजटोकाला सॅटा डिस्क लावायची) जोडणी आणून लावली होती. ती काढायला लावली. प्लास्टिक पिवळं पडून एका पिनेपाशी वितळलं होतं. अखंड ओतीव प्लास्टिकच्या स्वस्त जोडण्या अशाच जळतात. आत तारा एकमेकींना टेकल्या तर आग लागायलाही वेळ लागत नाही. मुळातल्या केबलवर डिस्क लावली आणि ती फिरू लागली. शंभर रुपयांच्या तुकड्यापायी तो नव्या डिस्कचे पैसे घालवायला निघाला होता.

क्रम असा ठेवा: डिस्क फिरते का, बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसते का, ‘एलएसबीएलके’त दिसते का, माउंट होते का. जिथे साखळी तुटते तिथेच शोधा. फिरत नसेल तर दुसरं वीजटोक. फिरते पण बायोसमध्ये नाही, तर दुसरी केबल, मग दुसरा पोर्ट, एका वेळी एकच बदल. बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेली डिस्क थेट सॅटावर लावल्यावर मुळीच फिरत नसेल, तर सॅटाच्या वीजजोडणीतली तिसरी पिन संशयित. नव्या काही डिस्कमध्ये तिथे ३.३ व्होल्ट आले की ‘बंद राहा’ असा अर्थ होतो आणि जुने वीजपुरवठे तिथे ३.३ व्होल्ट सतत देतात. त्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहू देणाऱ्या पिवळ्या टेपची) बारीक पट्टी लावतात.

सुरू होतानाच अडखळत असेल तर वीजपुरवठ्याची ताकद बघा. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम म्हणजे शंभर वॉटचा झटका, आणि जुना वीजपुरवठा तिथेच मान टाकतो.

डिस्क दिसते पण चुका येतात. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग ‘डीमेसेज’ने उघडा आणि ‘एटीए’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. ओळीच्या शेवटी महिरपी कंसात चूक लिहिलेली असते. तिथे ‘यूएनसी’ असेल तर डिस्कला स्वतःच्या तबकडीवरचं वाचता आलेलं नाही, दुखणं डिस्कचं. ‘आयसीआरसी’ असेल तर डिस्कने दिलं ते वाटेत बिघडलं, दुखणं केबलचं. ही तीन-चार अक्षरं वाचायची सवय लागली तर निम्म्या डिस्क उगाच फेकल्या जाण्यापासून वाचतात. एटीएपुढचा आकडा पोर्टचा असतो, वहीतल्या पोर्टाशी तो जुळवून ठेवला असेल तर कुठली डिस्क तेही लगेच कळतं.

सिस्टिमची एसएसडी एका रात्रीत भरली. याने मला दोन दिवस छळलं. डेटा डिस्कवर दोन टीबी मोकळे आणि सिस्टिम म्हणते जागा शिल्लक नाही, वेबपॅनेल उघडेना. झालं होतं असं: बूट होताना एक डिस्क माउंट झाली नव्हती, पण तिचा माउंट पॉइंट म्हणजे रिकामा फोल्डर तिथेच होता. रात्रीच्या बॅकअपने मुकाट त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे एसएसडीवर, ९० जीबी ओतले. नंतर डिस्क माउंट झाली आणि ते ९० जीबी तिच्याखाली झाकले गेले. फोल्डरचा आकार सांगणाऱ्या ‘डीयू’ने मोजलं तरी दिसेनात. डिस्क अनमाउंट केली तेव्हा खाली दबलेला ढीग सापडला. तो काढल्यावर, डिस्क अनमाउंट असतानाच त्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचअॅटर’ने न बदलणारा करून टाका. मग डिस्क नसेल तर लिहिणं तिथेच अडतं आणि बॅकअप चूक दाखवून थांबतो. माउंट करायला त्याची आडकाठी येत नाही.

ढीग तिथे नसेल तर डॉकरचे (सर्व्हरवर वेगवेगळी अॅप सुटी चालवणाऱ्या प्रोग्रामचे) लॉग बघा.

फायली उघडतात पण लिहिता येत नाही. फाइलसिस्टिममध्ये गडबड आढळली की ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम स्वतःला फक्त वाचण्यापुरतं करून घेऊ शकते. आधी स्मार्ट आणि लॉग बघा. डिस्कच आजारी असेल तर फाइलसिस्टिम दुरुस्त करणारं ‘एफएससीके’ चालवू नका, आधी कॉपी. डिस्क ठीक असेल तरच, आणि अनमाउंट करूनच, ‘एफएससीके’.

कॉपी फारच हळू. वेग बरोबर ११-१२ एमबी प्रति सेकंदावर अडकला असेल तर डिस्कला दोष देऊ नका. १०० एमबीपीएसच्या जोडणीची ती कमाल आहे. गिगाबिटवर ११० च्या आसपास मिळायला हवेत. ‘ईथटूल’ जोडणीचा वेग सांगतं. लॅन केबलच्या आठ तारांपैकी एक जरी नीट बसली नसेल, तरी गिगाबिट मुकाट १०० वर उतरू शकतं. किंवा राउटरचे पोर्टच तेवढे असतात. वेग सुरुवातीला चांगला आणि मग २० वर घसरत असेल, तर एसएमआरचा संशय घ्या.

डिस्क बदलणं

डिस्क आजारी आहे पण वाचता येते, ही सगळ्यात चांगली स्थिती. इथे पॅरिटीला हात लावायची गरजच नाही. तिच्यावरचं सरळ नव्या डिस्कवर कॉपी करायचं. अडखळलेल्या फायली तेवढ्या पॅरिटीतून काढायच्या.

१. सिंक आणि स्क्रबची वेळापत्रकं बंद. सर्व्हरवर लिहिणारे बॅकअपही बंद.

२. नवी डिस्क मोकळ्या पोर्टावर लावा. जुनी अजून काढायची नाही. फॉरमॅट करून माउंट करा. पोर्ट शिल्लक नसेल तर तात्पुरता यूएसबी डॉक चालेल.

३. ‘आरसिंक’ने मालकी, परवानग्या आणि वेळा जपत कॉपी करा. कॉपी एकाच जागी अडून बसत असेल आणि डिस्क टकटक आवाज करू लागली असेल, तर थांबा आणि ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ घ्या. ते आधी सोपं तेवढं ओढून घेतं, कठीण भाग शेवटाला ठेवतं. त्याची मॅप फाइल तिसऱ्याच डिस्कवर ठेवा, म्हणजे मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. मात्र नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी.

४. मशीन बंद. वही उघडा, शेवटची चार अक्षरं मोठ्याने वाचा, टेपशी जुळवा. घरात कुणी जागं असेल तर त्यालाही वाचायला सांगा. माझी बायको हे काम ‘आरोपीची ओळखपरेड’ म्हणते. मग जुनी काढा. ती फॉर्मॅट करू नका, महिनाभर कपाटात राहू द्या.

५. स्नॅपरेडच्या मांडणीत डिस्कचं नाव तेच ठेवा, फक्त पत्ता नव्या डिस्कचा द्या. ‘डी२’ होती तर ‘डी२’च. मर्जरएफएसमध्येही जुन्या जागी नवी. ओपनमीडियावॉल्टमध्ये जुन्या फाइलसिस्टिमवर शेअर केलेले फोल्डर टांगलेले असतील तर ते आधी नवीकडे वळवावे लागतात. तोवर पॅनेल जुनी काढू देत नाही.

६. स्नॅपरेडचं ‘डिफ’ चालवा, शेवटच्या सिंकपासूनचा फरक ते दाखवतं. कॉपी नीट झाली असेल तर फारसा फरक दिसणार नाही. गहाळ फायली दिसल्या तर ‘फिक्स’ फक्त त्या डिस्कपुरतं, लॉग फाइल देऊन. जुनी डिस्क पूर्णच मेली असेल तर तिसरी पायरी गाळायची आणि सगळं काम याच ‘फिक्स’वर, माझ्याकडे ४ टीबीला एक रात्र आणि अर्धा दिवस लागला होता.

७. स्नॅपरेडचं ‘चेक’ चालवा, आठ-दहा फायली हाताने उघडून बघा, आणि समाधान झालं की मगच सिंक. सिंक झाला की जुनी पॅरिटी पुसली, परतीचा रस्ता बंद. वेळापत्रकं पुन्हा चालू करायला विसरू नका. मी एकदा विसरलो आणि तीन आठवडे पॅरिटीशिवाय होतो.

झेडएफएसचा आरसा (दोन डिस्कवर तीच प्रत) असेल तर जुनी डिस्क जोडलेली ठेवूनच ‘झेडपूल रिप्लेस’ करा. ती जेवढं वाचून देईल तेवढं देते. ‘एमडीअॅडम’ने बांधलेल्या लिनक्सच्या रेडवर ‘/प्रॉक/एमडीस्टॅट’मध्ये चौकटी कंसात यू आणि अधोरेषा दिसतात, यू म्हणजे जागेवर, अधोरेषा म्हणजे गैरहजर. तिथेही क्रम तोच.

पॅरिटी कशाला पुरत नाही

चुकून खोडलेला फोल्डर स्नॅपरेड परत देऊ शकतं, पण पुढचा सिंक व्हायच्या आत. रोज पहाटे चारला सिंक असेल तर तुमच्या हातात तेवढेच तास. वीजपुरवठा जळाला आणि चारही डिस्क सोबत घेऊन गेला, कुणी अख्खं कॅबिनेट उचलून नेलं, तळमजल्यावर पाणी शिरलं, तर पॅरिटीही त्यातच गेली.

म्हणून ज्याला दुसरी प्रत मिळणार नाही तेवढंच वेगळं काढलं: घरचे फोटो, आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, सातबाऱ्याचे आणि फेरफारांचे स्कॅन. सगळं मिळून ७०० जीबी. चित्रपट त्यात नाहीत, ते गेले तर गेले. हे १ टीबीच्या दोन यूएसबी डिस्कवर कूटबद्ध करून ठेवतो. एक माझ्याकडे, एक कोल्हापूरला मेव्हण्याच्या कपाटात. गणपतीला आणि मे महिन्यात जाणं होतंच, तेव्हा अदलाबदल. तिथे पोचल्यावर चहा व्हायच्या आत लॅपटॉपला लावून कुठलाही एक फोल्डर उघडून बघतो. गेल्या गणपतीत ती उघडेना. पासवर्ड बदलला होता आणि वहीत जुनाच होता. आता त्याची ओळही वहीत आहे, तारखेसकट.